गाळा नंबर एकशे चौदा

३ मार्च

एकशे चौदाचं भाडं आलं नाही!

सकाळी गोदामाच्या ऑफिसात संगणक उघडला तर भाडं थकलेल्यांची यादी समोर. नेहमीचीच मंडळी, आणि मधोमध ताईचं नाव. दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. शेजारची कॅशियर म्हणते, "काय गं, लॉटरी लागली का?" म्हटलं, तसंच समज.

माझी सख्खी मोठी बहीण. थकबाकीदार! वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. दुपारी डबा सुद्धा गोड लागला.

४ मार्च

आज सगळं लिहूनच काढते. मनात ठेवून ठेवून आंबलंय.

आईचा चिनीमातीचा सेट. बारा माणसांचा, पांढरा, काठाला बारीक निळी रेघ. आईने दोन वर्षं लोकांचे कपडे शिवून तो घेतला आणि एकदाही वापरला नाही. "चांगले पाहुणे आले की काढू." आमच्याकडे चांगले पाहुणे कधी आलेच नाहीत. जे आले ते आईच्या मते तेवढे चांगले नव्हते! आम्ही दोघी बहिणी काचेच्या कपाटाला नाक लावून बघायचो. हात लावला की पाठीत धपाटा.

आई आजारी पडली तेव्हा अकरा महिने मी केलं. उठवणं, न्हाऊ घालणं, रात्रीची जागरणं. ताई यायची, सफरचंदांची पिशवी ठेवायची, खुर्चीच्या काठावर टेकायची आणि घड्याळ बघायची. शेवटच्या आठवड्यात आईने माझा हात धरला. म्हणाली, "तो सेट तुझा हं." ताई तिथेच उभी होती. ऐकलं तिने. चांगलं ऐकलं!

आई गेली आणि पंधरा दिवसांत ताई टेम्पो घेऊन दारात. कपाट, टेबल, सेट, सगळं उचललं. "तुझ्या दोन खोल्यांत कुठे मावणार गं? माझ्याकडे नीट राहील. कधीही ने." कधीही! या गोष्टीला पाच वर्षं झाली. मागितला की "बघू", मागितला की "अगं, वर माळ्यावर टाकलाय", मागितला की "सवड झाली की काढते".

पुढे त्यांनी मोठं घर घेतलं. घर सजवायला माणूस ठेवला. त्याला म्हणे जुनं काहीच चालेना. तेव्हा बाईसाहेबांना बहीण आठवली. "बारके, तुमच्या गोदामात एखादा गाळा मिळेल का? तुझ्या ओळखीने भाड्यात सवलत मिळेल ना?"

म्हणजे बघा! मला द्यायचा नाही, स्वतः वापरायचा नाही, पण मी जिथे दिवसभर राबते तिथेच, माझ्या नाकासमोर, कुलपात ठेवायचा. आणि फॉर्म कोणी भरला? मीच! ताई फोनवर कोणाशी तरी बोलत उभी, मला हाताने खूण, भर, भर. खाली सही तेवढी ठोकली. 'दुसरी संपर्क व्यक्ती' या रकान्यात कोणाचं नाव घालू विचारलं तर म्हणाली, "तुझंच घाल, आणखी कोण आहे?"

घातलं. गाढव मी.

७ मार्च

आज एक गृहस्थ आले. दर महिन्याला येतात. त्यांच्या गाळ्यात व्यायामाचं एक यंत्र आहे, अजून प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. शटर वर करतात, दोन मिनिटं यंत्राकडे बघतात, शटर खाली करतात. जाताना चेहरा कसा प्रसन्न!

सतराव्या वर्षी या गोदामात लागले असते तर तत्त्वज्ञ झाले असते. चाळिशीत लागले म्हणून नुसतीच कारकून. तीन सोफे ठेवणारी बाई आहे, घरी चौथ्यावर बसते. कोणी जुने टीव्ही ठेवलेत, कोणी पाळणा ठेवलाय आणि मुलगा आता कॉलेजात. लोकांना वस्तू नकोच असते. ती दुसऱ्या कोणाची नाही एवढं हवं असतं. माझ्या ताईसारखे सगळे.

१२ मार्च

ताईला पहिलं पत्र गेलं.

आमचा नियम असा. भाडं थकलं की फॉर्मवरच्या पत्त्यावर दोन पत्रं, तिसरं दुसऱ्या संपर्क व्यक्तीला. तरीही कोणी फिरकलं नाही तर कुलूप कापायचं आणि आतलं सगळं एकगठ्ठा विकायचं. बोली लावणाऱ्यांनी पाच मिनिटं उंबऱ्याबाहेरून बघायचं, आत पाऊल टाकायचं नाही, हात लावायचा नाही. जे दिसलं त्यावर बोली.

पत्राआधी आम्ही फोनही करतो. तो काही नियम नाही, आपली माणुसकी. ताईला केला नाही. 'फोन लागत नाही' असं लिहून टाकलं. तिने दाखवली होती का माणुसकी?

१५ मार्च

येण्याजाण्याचं रजिस्टर सहज चाळलं. ताई इथे येऊन गेलीय! जानेवारीत, एकदा नाही, चार वेळा. चारही रविवार. रविवारी माझी सुट्टी असते हे तिला बरोबर माहीत!

वॉचमनला विचारलं. म्हणाला, "हो, त्या मॅडम. टेम्पोने सामान आणलं होतं, बरंच. सोबत मुलगी होती, शाळेतली." म्हणजे माझी भाची. आईला सामान वाहू लागते, मावशीला भेटायला मात्र येत नाही. शिकवण कोणाची!

घरात मावेनासं झालं असणार. नवीन घेत राहायचं, जुनं इथे कोंबायचं. आणि भाडं भरायची आठवण नाही. पैशाचा माज, दुसरं काय?

२७ मार्च

पहिलं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनचा शेरा, 'या पत्त्यावर राहत नाहीत'.

आहा! त्यांच्या बिल्डिंगच्या वॉचमनला सांगून ठेवलं असणार, अशी पाकिटं घेऊ नको म्हणून. भाऊजींची जुनी खोड आहे ती. बँकेची पत्रंसुद्धा असंच परत पाठवायचे, वर हसून सांगायचे. मोठ्या लोकांचे नखरे! मी पाकीट फाइलला लावलं. परत आलेलं पत्रसुद्धा पाठवलेलंच धरतात. नियम आहे.

२ एप्रिल

दुपारी ताईचा फोन. वर्षभरात पहिला! उचलला नाही. पुन्हा वाजला. टेबलावर उपडा ठेवला आणि वाजू दिला.

मग मेसेज. "बारके, वेळ मिळाला की फोन कर. थोडं काम होतं."

काम होतं! कामाशिवाय कधी आठवण आलीय का हिला? उत्तर दिलं नाही. बसू दे वाट बघत. मी पाच वर्षं बसले.

१६ एप्रिल

दुसरं पत्र. तेही परत येणार, लिहून ठेवते.

२४ एप्रिल

आलं.

३ मे

आज गंमतच झाली. संध्याकाळी घरी आले तर हे दारात उभे, हातात आमच्याच गोदामाचं पाकीट. "तुझ्या ऑफिसातून तुलाच पत्र? काढून टाकलं की काय तुला?"

तिसरं पत्र! दुसऱ्या संपर्क व्यक्तीला, म्हणजे मला. मीच टाइप केलं, मीच शिक्का मारला, मीच पोस्टात टाकलं, आणि ह्यांनी सही करून घेतलं. पोट धरून हसले. ह्यांना सगळं सांगावंच लागलं.

हे हसले नाहीत. म्हणाले, "मग सांग ना ताईंना." म्हटलं, का सांगू? म्हणाले, "कारण पत्रात तसं लिहिलंय. वाच." खरंच लिहिलंय, मीच तर टाइप केलंय, 'आपण ही बाब संबंधितांना तातडीने कळवावी'. म्हणाले, "एका फोनचं काम आहे. सेटचं काय ते नंतर भांडा."

ह्यांना काय जातंय बोलायला! सफरचंदं आणणारी ती, बेडपॅन धुणारी मी. ते विसरायचं? मुळीच नाही. पत्र गादीखाली सारलं.

२० मे

मॅनेजरने फाइल पुढ्यात टाकली. "एकशे चौदाचं काय? दुसऱ्या संपर्काने भाडेकरूला कळवलंय का?" फाइलमध्ये तेवढाच रकाना राहिला होता, 'हो' किंवा 'नाही', एकावर खूण करायची. त्याला माहीत नाही दुसरा संपर्क कोण ते. ताईचं आडनाव वेगळं, आणि फॉर्म त्याने कधी उघडून पाहिलाही नाही.

'हो'वर खूण केली.

आई, बघतेस ना? तू कबूल केलंस ते मी मिळवणार. ताई हात चोळत बसेल! तिला कळू दे, आपली वस्तू दुसऱ्याने उचलून नेली की कसं वाटतं.

२८ मे

कर्मचाऱ्यांना बोली लावता येत नाही. म्हणून मिशीवाल्याला गाठलं. जुन्या सामानाचा व्यापारी, आमच्या प्रत्येक विक्रीला येतो. म्हटलं, एकशे चौदा तुम्ही घ्या, बाकीचं सगळं तुमचं, मला फक्त एक पेटी द्या, चिनीमातीच्या भांड्यांची. तो म्हणाला, "भांड्यांना आजकाल कोण विचारतं बाई! फुकट घेऊन जा." आईचा जीव होता त्या भांड्यांत. फुकट!

५ जून

झालं. आज झालं!

कापायचं यंत्र कुलपाला लागलं तेव्हा मी सगळ्यांत पुढे उभी होते, यादीचा कागद छातीशी धरून. शटर वर गेलं. पाच-सहा व्यापारी, प्रत्येकाच्या हातात बॅटरी.

मला वाटलं होतं, आत राजवाडा असेल. खोक्यांवर खोकी, नव्या वस्तू, टॅगसकट. आत काय तर, गुंडाळलेल्या गाद्या. कुकर. इस्त्री. चपलांचा रॅक, चपलांसकट. भाचीची सायकल, तिचं दप्तर, दप्तराच्या खिशात पाण्याची बाटली. भिंतीवरचं घड्याळ, बंद पडलेलं. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, आईचं कपाट, त्याच्यात ती पेटी.

मिशीवाला म्हणाला, "हे तर अख्खं घर आहे."

म्हटलं, घर बदललं असेल, नवीन घेतलं असेल सगळं.

तो बॅटरी कुकरवर धरून म्हणाला, "घर बदलणारा कुकर सोबत नेतो बाई. मी वीस वर्षं हेच बघतोय." मी म्हटलं, तुम्ही बोली लावा, वेळ चाललाय. काही लोक कुकरसुद्धा दरवर्षी नवीन घेतात, याला काय माहीत! ताईला मी ओळखते की हा?

त्यालाच मिळालं. दोन तासांत गाळा रिकामा, फरशी झाडून झाली. गाद्या त्याने तिथल्या तिथेच एका खानावळवाल्याला दिल्या. पेटी मी रिक्षातून मांडीवर घेऊन आले. सिग्नलला एक बाई वाकून बघत होती. म्हटलं, माझं आहे!

६ जून

आज रजा काढली. सगळा सेट धुतला. वर्तमानपत्रं काढली, एकेक कप, एकेक बशी. एकही फुटलेली नाही. निळी रेघ तशीच. हात लावताना पाठीत धपाटा बसेल असं अजूनही वाटतं!

मांडायचा कुठे? टेबलावर ठेवला तर जेवायला जागा नाही. फ्रिजवर ठेवला तर दार आपटलं की खुळखुळतो. शेवटी अर्धा पलंगाखाली, अर्धा कपड्यांच्या कपाटात. साड्या काढून खुर्चीवर ठेवल्यात. हे म्हणाले, "खुर्चीवर साड्या, मग बसायचं कुठे?" म्हटलं, पलंगावर. "आणि आता यात चहा देणार का?" म्हटलं, कोणी चांगलं माणूस आलं तर.

बोलून गेले आणि एकदम आईचाच आवाज कानावर आल्यासारखं झालं. मग मुद्दाम स्वतःसाठी चहा ओतला. कान इतका बारका की बोट जात नाही. दोन घोटांत संपतो, तेवढ्यात गार होतो. हे स्टीलच्या पेल्यातून पीत होते, मजेत.

खरं लिहू? मला सेट हवा होता की तो ताईकडे नको होता? जाऊ दे. माझाच आहे. माझ्याच हक्काचा!

११ जून

एक गोष्ट राहून राहून खटकतेय. जिंकले, पण हरलेल्याला पत्ताच नाही! ताईला कळल्याशिवाय कसली मजा? फोन करायचा म्हटलं तर हे ऐकतील. ऑफिसातून करायचा तर कॅशियर ऐकेल.

आणि ते दप्तर. मिशीवाल्याकडून निदान ते तरी मागून घ्यायला हवं होतं. पोरीने काय केलंय माझं? उद्या विचारते.

१२ जून

विचारलं. विकलं गेलं म्हणे. पुस्तकं रद्दीत.

भाऊजी देतील नवीन. त्यांना काय कमी आहे?

१४ जून

फोटो पाठवला! सकाळी उन्हात, पलंगावर निळी चादर, वर सगळा सेट मांडून. बारा कप ओळीने. खाली एकच ओळ लिहिली, "ओळखलंस का?"

दोन निळ्या खुणा आल्या. वाचलं तिने. मी फोन हातात घेऊन बसले. जळू दे. होऊ दे तळतळाट. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग उत्तर आलं, नुसते जोडलेले हात. एक नाही, तीन वेळा!

हात जोडले! माझ्या ताईने, मला! जन्मात कधी कोणापुढे वाकली नाही ती. शरण आली. ह्यांना दाखवलं. हे चपला घालून बाहेर गेले.

जाऊ देत. आज मला शांत झोप लागेल.

१९ जून

ताई ऑफिसात आली. रांगेत उभी राहिली, बाकीच्या गिऱ्हाइकांसारखी. भाची सोबत. ताईची साडी मी ओळखली, पाच वर्षांपूर्वीची. तिचा नंबर आला तशी पुढे झाली आणि काउंटरवरून माझे दोन्ही हात धरले.

"जानेवारीत घर गेलं गं. ह्यांचा धंदा बुडाला, सगळंच गेलं. नणंदेकडे एका कोपऱ्यात राहत होतो. तुला तोंड कसं दाखवू, म्हणून रविवारी यायचे. मग इथलं भाडं भरणंही होईना. एप्रिलमध्ये म्हटलं, तुझ्या पाया पडावं, तर तू फोन उचलला नाहीस. वाटलं, आता हेही गेलं. पण पत्र नाही, फोन नाही, कोणी काही विचारलं नाही. मला कळेना. मग तुझा फोटो आला, तेव्हा कळलं, भाडं तू भरतेयस. एवढे महिने एका शब्दाने बोलली नाहीस, बारके. सेट काढून नेलास ते बरं केलंस, तुझाच तो. मीच पापी."

डोळे पुसले तिने. म्हणाली, "एक खोली मिळालीय. आजच जायचंय. गाद्या आणि कुकर तेवढा काढून दे."

भाची म्हणाली, "मावशी, माझं दप्तरपण."

रांगेतले लोक बघत होते. मी म्हटलं, नंबर बघते हं. आणि संगणकात एकशे चौदा शोधत राहिले.